दोन वर्षांचा भूमिपुत्र

बदलीची ऑर्डर हातात पडली त्या रात्री ज्या मित्रासमोर तुम्ही "जळगाव रे, जळगाव! मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री!" म्हणून गळा काढला होता, तोच आता चार दिवस तुमच्याकडे यायचाय. घाबरू नका. तुम्हाला इथे येऊन दोन वर्षं झालीत. एवढ्या काळात लोक पंचायत समितीला उभे राहतात, तुम्हाला फक्त खानदेश दाखवायचाय.

त्याने फलाटावर पाय ठेवायच्या आत "आमच्याकडे" सुरू करा. आमच्याकडे थंडी अशी, आमच्याकडे चहा असा. पुण्यात पंधरा वर्षं राहून तुमच्या तोंडून हा शब्द कधी निघाला नव्हता, कारण तिथे त्याची परवानगी तिसऱ्या पिढीला मिळते. इथे कुणी हरकत घेत नाही. लोक शांतपणे ऐकून घेतात आणि "बसा, चहा सांगतो" म्हणतात. या चांगुलपणाचा पुरेपूर फायदा घ्या.

बोलवायचं मात्र जानेवारीत. म्हणजे कानाला मफलर गुंडाळून "आमच्या उन्हाची उगाच बदनामी केलीये रे लोकांनी" असं म्हणता येतं. गेल्या मे महिन्यात दुपारभर तुम्ही ओला पंचा डोक्यावर घेऊन कूलरच्या तोंडाशी बसून होतात, ही घरातली बाब आहे. बायकोला आधीच सांगून ठेवा. मी विसरलो होतो.

खानदेश म्हणजे नक्की कुठून कुठे, हे तो पहिल्याच दिवशी विचारेल. इंग्रजांनी १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, पूर्वेचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळे, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं, एवढं घोकून ठेवा. मग तोरणमाळ, सारंगखेड्याचा घोडेबाजार, प्रकाशा ही नावं सलग घ्या आणि शेवटी "ते पुढच्या वेळी" म्हणा. पुढच्या वेळी हा फार गुणी शब्द आहे. तुम्ही स्वतः जळगाव-भुसावळच्या पलीकडे गेलेलाच नाहीत, हे त्याखाली बेमालूम झाकलं जातं.

आता अजिंठा. जळगावहून साधारण साठ किलोमीटर. जिल्ह्याची हद्द वगैरे क्षुल्लक गोष्टींत न पडता "आमचं अजिंठा" म्हणायचं. मित्र मोबाइल काढून वेळापत्रक बघायला लागला, तर त्याच्या हातातून तो काढून घ्या. "लेका, मी इथला आहे. नेटवर काय बघतोस?" हे वाक्य मी अक्षरशः असंच म्हटलं होतं. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी कशी दिसली, ते रस्ताभर रंगवून सांगितलं. फरदापूरला पोचलो. गाडी तिथे ठेवून पुढचा चारेक किलोमीटरचा पल्ला बसने जायचा असतो, तेही मी ऐटीत सांगितलं. गाडी लावायला जागा इतकी मुबलक कशी, हा प्रश्न त्यालाच पडला. मला नाही पडला. रंगीत दगड विकणारा एकुलता एक माणूस गाडीशी आला, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि सावकाश म्हणाला, "सोमवार आहे ना, साहेब."

अजिंठा सोमवारी बंद असतं. जॉन स्मिथला निदान ही अडचण नव्हती.

असा प्रसंग आला तर डगमगायचं नाही. मी तिथल्या तिथे अजिंठा मराठवाड्याला परत देऊन टाकलं. म्हटलं, "तसं हे संभाजीनगर जिल्ह्यात येतं रे. आमच्याकडे असं नसतं." मित्राने तीनशे रुपयांचा एक दगड घेतला. आत जांभळे स्फटिक होते. परतीच्या वाटेवर तो त्या दगडाकडे जेवढं निरखून बघत होता, तेवढं त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

पोटात आग पडली की माणसाचा रागही भुकेत वळतो, म्हणून पहूरच्या बाजूला एखादा ढाबा गाठा आणि शेवभाजी मागवा. पोऱ्या विचारतो, "मिडियम का तिखट?" तुमचं उत्तर ठरलेलं: "तिखटच. इथलेच आहोत आम्ही." पोऱ्या तुमच्याकडे एकदा बघतो. (त्या बघण्याचा अर्थ मला घास घेतल्यावर कळला.) काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री, आणि ताट पुढे आल्यावरच वरून सोडलेली जाड तिखट शेव. आधी घातली तर तिचा लगदा होतो, हे मित्राला समजावून सांगायचा माझा विचार होता. पण दुसऱ्या घासानंतर माझा आवाजच बसला. नाकाडोळ्यांतून धारा. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी न बोलता त्यांच्या ताटातला लिंबू माझ्याकडे सरकवला. मित्राने मिडियम मागवली होती. त्याने दोनदा रस्सा घेतला.

दुसरा दिवस केळीचा. पुण्याहून आलेल्या माणसाला केळीच्या बागेत उभं करून फोटो काढला नाही, तर तो जळगावला आला होता यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्याचं शेत रावेरकडे आहे. जाताना फैजपूर लागलं की सांगायचं, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, १९३६ चं. "नक्की कुठे?" असं मित्र विचारणारच. हात लांब करून "हे काय, इथेच" म्हणा. दोन्ही बाजूंना केळीच असते, कोण तपासणार?

बागेत शिरल्यावर त्याला म्हणा, "झाडावरचं केळं खाऊन बघ, गाडीवरच्यात ती मजा नाही." मी म्हटलं. सहकारी पाण्याची मोटर बघायला गेला होता. मित्राने टाचा उंच करून घडाच्या खालच्या फणीतलं एक केळं पिळून तोडलं. ते हिरवंगार, दगडासारखं, आणि देठातून पाण्यासारखा पातळ चीक टपटप त्याच्या पांढऱ्या शर्टावर. "पाणीच आहे, पुस," हा सल्लाही माझाच. त्याने रुमालाने चोळून तो छातीभर पसरवला. सहकारी आला, त्याने शर्ट बघितला, केळं बघितलं, मग मला बघितलं. "साहेब, केळी झाडावर पिकू देत नाहीत. घड हिरवाच कापतात, पिकवतात नंतर." आणि शर्ट? "तो आता शेतातच घालायचा." दुपारपर्यंत तो डाग चहाच्या रंगाचा झाला. आजही तसाच आहे, शर्टाचा फोटो मला अधूनमधून येत असतो.

बोलीचं विसरू नका. दोन वर्षांत चार शब्द कानावर पडलेले असतातच. ते मित्रासमोर, स्थानिक माणसावरच वापरून बघावेत. मी सहकाऱ्याला मोठ्या झोकात विचारलं, "कसं काय शे भो?" तो भला माणूस शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला, "बरं आहे, साहेब. पण ते 'शे' अहिराणीत, धुळ्याकडे. आमची लेवा बोली. आमच्यात तसं नाही म्हणत." यावर "तेच ते" असं अजिबात म्हणू नका. तेही मी म्हटलं.

जाताजाता चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम दाखवा. हतनूर धरणाच्या फुगवट्याचं पाणी, काठावर जुनं देऊळ, जागा खरोखर देखणी. गप्प बसलात तरी चालेल. मला ते जमलं नाही. मी सांगितलं की हे चांगदेव म्हणजे गणिती भास्कराचार्यांचे नातू, त्यांनी मठ काढला, त्याचा शिलालेखही आहे. पायरीवर एक निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी टोपी नीट केली. "नातू चांगदेव वेगळे. तो शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा. हे योगी चांगदेव, वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेले ते." मग मित्राकडे वळून त्यांनी वीस मिनिटं मुक्ताबाईंबद्दल सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही.

अमळनेर एका दुपारीत आटपतं. साने गुरुजींची शाळा, १९१६ चं तत्त्वज्ञान मंदिर. मित्र आयटीतला असेल तर त्याला आवर्जून सांगा की विप्रो १९४५ साली इथे वनस्पती तुपापासून सुरू झाली. हिंजवडीच्या ट्रॅफिकचं मूळ तुपाच्या डब्यात निघालं, याचा त्याला फार आनंद होतो. चार दिवसांत माझी एवढी एकच माहिती बरोबर निघाली. जुन्या जळगावात बहिणाबाईंचं घरही जपलेलं आहे. तिथे जाण्याआधी शाळेतली कविता पूर्ण पाठ करा. दोन ओळींनंतर "लालाला" करावं लागलं तर वाईट दिसतं.

शेवटच्या संध्याकाळी त्याच सहकाऱ्याच्या शेतावर भरीत होतं. इथे सल्ला द्यायला मला काहीच नाही, कारण मला कुणी हातच लावू दिला नाही. बामणोदकडची हिरवट-पांढरी, हाताच्या पंजाएवढी वांगी. काडीने टोचून, तेलाचा हात लावून तुराट्यांच्या जाळावर टाकलेली. साल कोळशासारखी झाली की आतला गर लोण्यासारखा सुटतो. तो लाकडी भांड्यात घालून मिरची-लसणासकट मुसळीने कुटायचा, मग शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, वरून तेलाची फोडणी. सहकाऱ्याच्या आईंनी मुसळी सरळ मित्राच्या हातात दिली. "तुम्ही कुटा. साहेबांना राहू द्या, ते बोलतात चांगलं." तो डागाचा शर्ट घालून मांडी ठोकून बसला आणि कुटत राहिला. धुरानं डोळे लाल. त्याने कळण्याच्या तीन भाकरी खाल्ल्या, आणि त्यात ज्वारीबरोबर उडीद असतात हे त्याने मला सांगितलं. दोन वर्षं मी ती बाजरीची समजत होतो.

निरोपाच्या वेळी फलाटावर डोळ्यांत पाणी आणून "परत ये" म्हणा. तसं म्हणताना सावध राहा, एवढाच शेवटचा सल्ला. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. त्याच्या ऑफिसातले सहाजण फेब्रुवारीत येतायत, मुक्काम अर्थात माझ्याकडे. सोबत त्याने स्वतः तयार केलेला चार दिवसांचा कार्यक्रम. भरीत सहकाऱ्याच्या शेतावर, आईंशी परस्पर फोनवर ठरलेलं. संगमावर गुरुजी दहा वाजता भेटतील. शेवभाजी मिडियम. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात: "अजिंठा मंगळवारी. तिथला माणूस काहीही म्हणाला तरी."