आजींची बस बोगद्यात कुठे आहे?

आज दुपारी घोडबंदर रस्त्यावर, गायमुखाच्या चढणीला एक ट्रेलर बंद पडला आणि बोरिवलीला निघालेली आमची बस दोन तास जागची हलली नाही. माझ्या शेजारी, मांडीवर अळूवड्यांचा डबा घेऊन बसलेल्या आजी लेकीकडे निघाल्या होत्या. कोणीतरी बोगद्याचा विषय काढला, तेव्हा त्यांनी मला विचारले, "अगं, त्या बोगद्यातून आपली बस जाईल ना?"

मला चटकन 'हो' म्हणता आले नाही आणि घरी आल्यापासून तेच डाचते आहे.

ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. लांबी ११.८ किलोमीटर, तेव्हा सांगितलेला खर्च सुमारे १६,६०० कोटी रुपये. म्हणजे मीटरमागे १ कोटी ४० लाख. आमची बारा मीटरची बस जेवढ्या जागेत खिळून उभी होती, तेवढ्या लांबीला १७ कोटींच्या आसपास पडतात, हा हिशेब खिडकीशी बसून मांडला आणि डोके तापले. हा बोगदा बांधणारे आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील जमिनींच्या पैशांवर मोठे झालेले मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) आज प्रकल्पांसाठी कर्जे काढते आणि त्यांचा भार शेवटी सर्वांवरच येतो, दारात गाडी असो वा नसो. मात्र लाभ मोजताना वाचलेले १२ किलोमीटर आणि वाचलेला तास गाडीवाल्याच्याच खात्यात जमा होतो. गाडी नसलेल्यांचा आधीचा अनुभवही तसाच: सागरी किनारा मार्गावर दुचाकीला बंदी, अटल सेतूवरही बंदी. तेव्हा 'बसचे नंतर बघू' असे कोणी म्हणाले, तर त्यावर मी तरी विसंबणार नाही.

बोगदाच नको, असे माझे म्हणणे नाही. मधले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान चिरून उघडा रस्ता नेण्यापेक्षा बिबट्यांच्या पायांखालून गेलेले बरे, हे मान्य करावेच लागते. पण दोन्ही दिशांना दोन-दोन मार्गिका आणि एकेक आपत्कालीन मार्गिका आखणाऱ्यांनी बस किती मिनिटांनी सुटेल, तिचे भाडे किती असेल, तिच्यावर पथकर लागेल का, हे निविदेआधीच ठरवून लोकांना सांगायला हवे होते. यात कसले आले अवघड तंत्रज्ञान?

असो, रागाच्या भरात जास्त लिहिले असेन. उद्यानाखालून दहा किलोमीटर खोदणाऱ्यांशी माझे भांडण नाही.

काजूपाड्याच्या अलीकडे आजींनी डबा उघडून माझ्या हातावर दोन वड्या ठेवल्या, मग मागच्या बाकावरच्या मुलांनाही दिल्या. बोरिवलीला उतरताना डबा रिकामा होता आणि त्या फोनवर लेकीला सांगत होत्या, की आज परत जाणे काही जमायचे नाही, तुझ्याकडेच राहते.