अधिक दोन

पत्ते मोजणं अवघड नाही. अवघड आहे ते गणपतीच्या जागरणाला, शिवाजी पेठेतल्या घरात, आत्याच्या शेजारी बसून मोजणं.

एरवी आमच्याकडे मेंढीकोट चालतो. यंदा मेव्हण्यानं ब्लॅकजॅक काढला: चित्रं दहाची धरून, एकवीस न ओलांडता, पानांची बेरीज डीलरपेक्षा, म्हणजे पानं वाटणाऱ्यापेक्षा, जास्त करायची. पैशांच्या जागी शेंगदाणे, डीलर काका. कॅट दोन. मागं मोठी पानं किती उरलीत याचा हिशोब सोपा असतो: दुर्री ते छक्की निघाली की अधिक एक, दश्शी, चित्रं नि एक्का निघाला की उणे एक, सत्ती, अठ्ठी, नव्वीला विचारायचं नाही. आलेल्या आकड्याला उरलेल्या कॅटांनी भागायचं. मोजदादीनं कॅसिनोला नमवता येतं हे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञानं 1962 साली जगाला दाखवलं. त्यांना कुणी मध्येच "काय रं पुटपुटतोयस, जप करतोस व्हय?" असं विचारलं नसणार.

खरी गंमत डबलची. बोली दुप्पट करायची, पण त्यावर पान मिळणार एकच. हातात 9 आणि डीलरची उघडी दुर्री, तर भागाकार अधिक एक झाला की डबल. हातात 10 आणि डीलरचीही दश्शी, तर एरवी गप पान मागायचं. भागाकार अधिक चार झाला तरच डबल, कारण मागं मोठी पानं खच्चून उरलेली असतात.

तर अर्धा कॅट उरला होता आणि माझा आकडा होता अधिक दोन. भागिले अर्धा, म्हणजे चार! हातात छक्की-चौकी, काकांसमोर दश्शी. तेवढ्यात काका म्हणाले, "सकाळी गंगावेशीतनं दूध किती आणायचं, तीन का पाच?" मी दात-ओठ खात "अधिक दोन" धरून ठेवलं आणि सगळे शेंगदाणे पुढं सरकवले.

तिर्री आली. काकांनी राजा उलटला.

नशीब म्हणून सोडलंही असतं. पण शेवटचं पान पडलं तेव्हा बेरीज शून्य यायला हवी होती. आली अधिक दोन. म्हणजे दोन मोठी पानं कॅटात नव्हतीच, आणि ज्या जोरावर मी डबल केलं तो आकडा मुळात शून्य होता.

सतरंजी झटकली, भाच्याचे खिसे तपासले. शेवटी बदाम राजा आणि इस्पिक एक्का सापडले मखराच्या पायाखाली, घडी घालून.

"हलत होतं मखर. मीच लावली सकाळी," आत्या म्हणाली.

"अगं, मग दुर्री-तिर्री लावायचीस की!"

"देवाखाली दुर्री लावू व्हय रं?"