गाठ विरघळली की उरली, एवढ्यावर आयुष्य मोजता येत नाही

स्तनाच्या कर्करोगाविषयीचा एक संदेश नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा: शस्त्रक्रियेआधी दिलेल्या किमोने गाठ पूर्ण विरघळली, तर रोग मुळापासून गेला आणि शस्त्रक्रियेचीही गरज उरली नाही, गाठ उरली, तर किमो वाया गेली आणि रुग्णाचे फार दिवस राहिले नाहीत, म्हणून गाठ जास्तीत जास्त विरघळवणारे औषधच मागून घ्यावे. यात सत्याचा एक अंश आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 12 चाचण्यांतील 11,955 रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्यांच्या स्तनात आणि काखेतील लसिका ग्रंथींत आक्रमक (म्हणजे दूधनलिकेबाहेर पसरलेल्या) कर्करोगाचा मागमूस उरला नव्हता, त्यांचा मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी असल्याचे त्यात दिसले. संदेशातील चूक त्यापुढे सुरू होते.

पहिला प्रश्न, गाठ विरघळली हे ठरवायचे कशावरून. घरच्यांना हाताला लागत नाही ती गाठ गेलेली वाटते. अमेरिकेत 1988 मध्ये सुरू झालेल्या आणि 1,523 महिलांचा समावेश असलेल्या बी-18 या चाचणीत, आधी किमो घेतलेल्यांपैकी सुमारे 36 टक्के जणींची गाठ डॉक्टरांच्या हातालाही लागेनाशी झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या पूर्ण गटापैकी आक्रमक पेशी खरोखर नाहीशा झालेल्या जेमतेम 13 टक्के निघाल्या. हा फरक कळतो तो शस्त्रक्रियेत काढलेला भाग तपासल्यावरच, आणि म्हणून ‘आता ऑपरेशन कशाला’ हा सल्ला धोकादायक आहे. निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया टाळता येईल का, याचे छोटे अभ्यास झाले आहेत हे खरे. पण त्यांत सुईने पुन्हा नमुने घेऊन खात्री केली जाते आणि रेडिएशनही दिले जाते. घरबसल्या घ्यायचा हा निर्णय नव्हे. (किमो आधी दिल्याने शस्त्रक्रियेला उशीर होऊन आयुष्य घटते, अशीही भीती पसरवली जाते. त्याच बी-18 मध्ये आधी आणि नंतर किमो घेतलेल्या दोन्ही गटांत नऊ वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखेच होते.)

दुसरी गोष्ट अशी की स्तनाचा कर्करोग हा एकच रोग असल्यासारखे हा संदेश बोलतो. ‘लॅन्सेट’च्या विश्लेषणात, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (शरीरातील हार्मोनवर पोसणाऱ्या) आणि कमी ग्रेडच्या (सूक्ष्मदर्शकाखाली कमी उग्र दिसणाऱ्या) गाठी पूर्णपणे नाहीशा होण्याचे प्रमाण 8 टक्क्यांहूनही कमी होते. ट्रिपल निगेटिव्ह गाठींत (ज्यांत हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू हे प्रथिन नसते) ते सुमारे 34 टक्के, तर हर-टूवर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध मिळालेल्या, हर-टू पॉझिटिव्ह (हे प्रथिन जास्त असलेल्या) पण हार्मोन रिसेप्टर निगेटिव्ह गाठींत सुमारे 50 टक्के होते. किमो प्रामुख्याने वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करते. हार्मोनवर पोसणाऱ्या बऱ्याच गाठी संथ वाढतात, त्यामुळे त्या किमोने फारशा हलत नाहीत. त्यांच्यावरचे मुख्य औषध शस्त्रक्रियेनंतर पाच ते दहा वर्षे घ्यायची हार्मोनविरोधी गोळी हे असते. अशा रुग्णाच्या रिपोर्टवर ‘गाठ शिल्लक’ वाचून घरात सुतक पसरावे, याइतका अनाठायी प्रकार मला दुसरा दिसत नाही. उलट हर-टू पॉझिटिव्ह रुग्णाची गाठ पूर्ण गेली, तरी धोका शून्य होत नाही आणि ट्रास्टुझुमॅबचा वर्षभराचा कोर्स पूर्ण करावाच लागतो.

‘जास्त विरघळवणारे औषध म्हणजे जास्त आयुष्य’ हे समीकरण तर चाचण्यांतच कोसळले आहे. बी-27 या चाचणीत शस्त्रक्रियेआधीच्या किमोला डोसेटॅक्सेल या आणखी एका किमो-औषधाची जोड दिल्यावर पूर्ण विरघळण्याचे प्रमाण सुमारे 14 वरून 26 टक्क्यांवर गेले, पण एकूण आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही. ज्या रुग्णाची गाठ विरघळते तिची गाठ मुळातच औषधाला दबणारी असू शकते. त्यामुळे एका रुग्णाबाबत खरे ठरणारे भाकीत दोन औषधांची तुलना करताना टिकेलच असे नाही.

राहिला सर्वांत क्रूर भाग, ‘गाठ उरली म्हणजे संपले’. गाठ उरली की नाही याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच नसते; किती उरली, हे पाहावे लागते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातील सिमन्स आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये यासाठी एक मोजणी मांडली. जिथे गाठ होती त्या जागेची लांबी-रुंदी, त्यातील किती भागात कर्करोगाच्या पेशी आहेत, त्यांपैकी दूधनलिकेबाहेर न पडलेल्या किती, काखेतील किती ग्रंथी बाधित आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठा साठा केवढा, यांवरून शून्य (काहीच शिल्लक नाही) ते तीन (सर्वाधिक शिल्लक) असे चार वर्ग पडतात. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या 2022 च्या एकत्रित अभ्यासात रोगाच्या सर्व प्रकारांत या मोजणीने पुढील धोक्याची कल्पना दिली. अगदी थोडी शिल्लक आणि मोठी शिल्लक यांना एकाच तराजूत घालणारा संदेश हीच माहिती पुसून टाकतो.

शिवाय उरलेल्या गाठीमुळे पुढचे औषध ठरते. कॅथरिन चाचणीत हर-टू पॉझिटिव्ह गाठ शिल्लक राहिलेल्या रुग्णांना ट्रास्टुझुमॅबऐवजी टी-डीएम-1 (ट्रास्टुझुमॅबलाच किमोचे औषध जोडून बनवलेले) दिल्यावर, तीन वर्षांनी आक्रमक रोगापासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण 77 वरून 88.3 टक्क्यांवर गेले. जपान आणि दक्षिण कोरियातील क्रिएट-एक्स चाचणीत ट्रिपल निगेटिव्ह गाठ शिल्लक राहिलेल्या रुग्णांपैकी, कॅपेसिटॅबिन या किमोच्या गोळ्या मिळालेल्या 78.8 टक्के जणी पाच वर्षांनी जिवंत होत्या. आणि ज्यांना त्या गोळ्या मिळाल्या नाहीत, त्यांच्यातही हा आकडा 70.3 टक्के होता.

यातला कोणताही हिशेब मांडायला किमोपूर्वीच्या बायोप्सीचा रिसेप्टर रिपोर्ट लागतो. तो कागद आणि बायोप्सीचा तुकडा जपून ठेवलेला मेणातला ब्लॉक कुठे आहे हे घरच्यांना माहीत असावे, कारण गाठ खरोखरच पूर्ण विरघळली, तर तिच्या प्रकाराविषयी पुन्हा तपासण्याजोगे दुसरे काही हाती उरत नाही.