ताई, उपचार सोडले नव्हते

ताई,

अण्णांच्या ग्लायोब्लास्टोमावर, म्हणजे मेंदूतल्या कॅन्सरच्या गाठीवर, मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "बंदरावर फिरवलं, झोपाळ्यावर बसवलं, यालाच जीवनमान म्हणता? माझा 41 वर्षांचा भाऊ याच ट्यूमरशी झगडतोय, दिवसभर चिडलेला असतो. असलं वाचून लोक उपचार सोडतील."

आधी माझी चूक. "स्टेरॉइड बंद केलं" हे मी फार ढिलं लिहिलं. ती गोळी एकदम तोडायची नसते. डॉक्टरांनी ते स्टेरॉइड, डेक्सामेथासोन, हळूहळू उतरवत आणलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण उपचार सोडले नव्हते हो. अण्णा 73 चे. त्यांना 30 ऐवजी 15 वेळा रेडिएशन दिलं, ते काही आम्ही कंटाळलो म्हणून नाही. 2004 साली आलेल्या कॅनडातल्या अभ्यासात साठीच्या पुढच्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांना दोन्हींनी सारखंच आयुष्य मिळालं, आणि 15 वाल्यांत स्टेरॉइड वाढवावं लागलेले कमी निघाले. स्टेरॉइड म्हणजे आमच्या घरी काय, तर मांड्यांतलं बळ जाणं. उकिडवे बसले की अण्णांना उठता येईना. परसातल्या संडासातून मला हाक मारावी लागते म्हणून त्यांनी संध्याकाळचं पाणीच तोडलं. हे कुठल्या एमआरआयमध्ये दिसतं? कमोडची खुर्ची आणली तेव्हा कुठे पुन्हा तांब्या हातात घेतला.

भावाचं गणित निराळं. 2005 च्या अभ्यासात, सत्तरीपर्यंतच्या रुग्णांत, रेडिएशनला टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळीची जोड दिल्यावर दोन वर्षांनी हयात असणारे शंभरात 10 चे 26 झाले. तुमच्या जागी असतो तर मीही पूर्ण सहा आठवड्यांसाठीच, म्हणजे 30 वेळांच्या रेडिएशनसाठीच, हट्ट धरला असता.

आता बंदर. अण्णांचे शब्द जात होते, सुरमईला "ती... लांब ती" म्हणायचे. हर्णैला लिलावाच्या वेळी नेलं, तर त्यांनी एकीचा कल्ला उचलून पाहिला आणि मान हलवली. शिळी. विकणारी मावशी हसली, मुकाट्याने दुसरी काढून दिली. शब्द लागलाच नाही. त्याला फिरवणं म्हणायचं तर म्हणा.

आणि भावाच्या चिडण्याबद्दल. फिटसाठी लेव्हेटिरासिटॅम चालू असेल तर पुढच्या ओपीडीत हे नक्की सांगा. त्या गोळीने काहींची चिडचिड वाढते. स्वतःहून मात्र बंद करू नका. आमच्या लक्षात ते चार महिन्यांनी आलं. तोवर मी अण्णांशी रोज भांडत होतो.