लघवी कोंडून मूत्राशय मोठं होत नाही

‘लघवी रोखून धरा, मूत्राशय ताणून आपोआप मोठं होईल, आतडं जोडायचं ऑपरेशन टाळा’ असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. (या ऑपरेशनमध्ये आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करतात.) माझ्या मावसबहिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, कॅथेटरच्या वेळा लांबवू का?” कॅथेटर म्हणजे लघवी काढायची नळी. तिच्या मुलाला जन्मापासून स्पायना बिफिडा आहे, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष; त्यात मूत्राशयाच्या नसांना इजा होऊ शकते. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक दावा आधी. मेसेज म्हणतो, फुगा घालून त्वचा वाढवतात, तसं मूत्राशय भरून ठेवलं की तेही वाढतं; कॅथेटर सहा तासांनीच लावा. अहो, त्वचेखाली सिलिकॉनची पिशवी ठेवतात आणि दर आठवड्याला तिच्यात थोडं थोडं सलाइन भरतात. तो ताण त्वचेपुरता राहतो. मूत्राशयाला वरून दोन मूत्रपिंडं जोडलेली आहेत! नसांना इजा असलेल्या अनेक मुलांत मूत्राशयाची भिंत जाड आणि ताठ असते. लघवी साचली की ती सैलावत नाही, आतला दाब चढतो, लघवी उलटी मूत्रवाहिन्यांत शिरते आणि मूत्रपिंडं खराब होत जातात. बऱ्याचदा दुखतही नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही.

मॅग्वायर या मूत्रविकारतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अशा ४२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ज्यांच्यात लघवी गळायला लागते त्या क्षणी आतला दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरपर्यंतच (हे दाबाचं माप) होता, त्यांच्यात एकालाही उलटा प्रवाह नव्हता. त्याहून जास्त दाब असलेल्यांत निम्म्याहून कितीतरी अधिक जणांना होता. ठरल्या वेळी कॅथेटर लावायचं ते हा दाब चढू नये म्हणून.

‘डॉक्टर ही फुग्याची पद्धत लपवतात.’ काहीही! न्यूमन नावाच्या डॉक्टरने कानाच्या पुनर्रचनेसाठी त्वचा वाढवायला फुगा वापरल्याचं १९५७ मध्येच छापून आलंय.

‘मूत्रवाहिनी फुग्याने ताणून मूत्राशयाला जोडतात.’ इथे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. सशांवर आणि डुकरांवर असे प्रयोग झालेत. माणसांत मात्र आजाराने आधीच फुगलेली मूत्रवाहिनी वापरतात, तीही निवडक रुग्णांत. मूत्राशय उघडं घेऊन जन्मलेल्या काही बाळांत पोट झाकायला त्वचा वाढवणारे फुगे वापरले गेलेत. घरी लघवी कोंडण्याशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

आतड्याच्या ऑपरेशनला त्रास आहेत: चिकट स्राव, खडे, रक्तातली आम्लता, जन्मभर तपासण्या. म्हणूनच पर्याय शोधले जातात. २००६ मध्ये रुग्णांच्याच पेशींपासून घडवलेल्या मूत्राशयाचा गाजावाजा झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या चाचणीत क्षमता वाढली नाही, उलट गंभीर दुष्परिणाम दिसले. औषधं, मूत्राशयाचे स्नायू सैल करणारी बोट्युलिनमची इंजेक्शनं आणि कॅथेटर पुरेसे पडले नाहीत, तर आजही आतडंच वापरावं लागतं.

तेव्हा ताई, वेळा लांबवू नकोस. आधीच लांबवल्या असशील तर आजच पूर्ववत कर आणि डॉक्टरांना तसं सांग. युरोडायनॅमिक्सच्या (मूत्राशयातला दाब मोजायच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये दाब किती आलाय, तेही त्यांना विचार.