फायब्रोमायल्जिया तीन डब्यांनी बरा होत नाही

फायब्रोमायल्जिया, म्हणजे सतत अंगभर दुखत राहण्याच्या आजाराबद्दल सध्या इंदूरच्या मराठी घरांतून एक मेसेज फिरतोय: ‘फायब्रोमायल्जिया म्हणजे फक्त मॅग्नेशियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा. ही दोन्ही आणि हळद-अश्वगंधेच्या कॅप्सूल तीन महिने घ्या. नैसर्गिक आहे, अपाय शून्य.’ दवा बाजारात माझं दुकान आहे. मोबाइल पुढे करून हेच डबे मागणारे लोक येतात, म्हणून लिहितोय.

‘फक्त कमतरता’ हे चूक आहे. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू वेदना वाढवून जाणवून देतात. म्हणून अंग ठणकतं, झोपूनही थकवा जात नाही आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात. ‘ड’ फार कमी असेल तर हाडं-स्नायू दुखतात, हे खरं. तपासून ती कमतरता जरूर भरून काढा. पण 60,000 युनिटचं पाकीट साधारण आठवड्याला एक असतं. रोज घेत राहिलात तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला इजा होते.

‘अपाय शून्य’ या शब्दांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मॅग्नेशियमने जुलाब होतात, किडनी अधू असेल तर ते अंगात साठतं. थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतलं तर ती गोळी नीट लागू पडत नाही. मध्ये चार तास जाऊ द्यावे लागतात. अश्वगंधा आणि हळदीच्या अर्काने यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. (फोडणीतल्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये.) काही डब्यांत 5-एचटीपी असतं, म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवणारा घटक. ड्युलोक्सेटिन किंवा ट्रामाडॉल ही दुखण्यावरची औषधं चालू असताना ते घेतलं तर थरथर, ताप, धडधड सुरू होऊन जिवावर बेतू शकतं. ‘काकू, डबा उलटा करून बघा,’ असं मी सांगतो. औषध म्हणून वापरायचं नाही, असं त्यावर इंग्रजीत छापलेलंच असतं.

आणि ‘गोळ्या बंद करा’? या आजारात डॉक्टर देतात ते प्रेगाबालिन किंवा ड्युलोक्सेटिन एकदम सोडलं की घाम, मळमळ, चक्कर, झोप उडणं सुरू होऊ शकतं. पेशंटला वाटतं आजारच बळावला, आणि तो आणखी एक डबा नेतो. या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच कमी करायच्या असतात.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 2017च्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो एकट्या व्यायामाला. नेहरू पार्कात दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, झेपेल तसं वाढवा. डबे आधीच घेतले असतील तर पुढच्या वेळी सगळे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, घरच्यांपासून लपवलेलेसुद्धा.