फुल रेंज, तरी व्हिडिओ का अडकतो?

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. वायफाय 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतो; त्यातल्या 5 ला मी 'कमजोर' म्हटलं ते चूक. आणि तुमच्या मोबाइलवर वायफायची फुल रेंज असूनही व्हिडिओ अडकतो, म्हणजे भिंती आणि अंतरामुळे वायफाय मंदावतो हे माझं म्हणणं फोल.

पहिला आक्षेप मान्य, तो शब्द मी बदलतो. मोकळ्या हवेत 5 ची लहर लवकर विरत नाही. तिची लांबी सुमारे 6 सेंटिमीटर, 2.4 ची साडेबारा. लहर छोटी, म्हणून त्याच घडणीचा अँटेनाही छोटा, आणि छोटा अँटेना ऊर्जा कमी टिपतो; म्हणून 5 कमजोर भासतो. विटा-काँक्रीट मात्र 5 ला जास्त अडवतात, हे मी अजूनही म्हणेन.

दुसरा आक्षेप पटत नाही. रेंजच्या दांड्या एवढंच सांगतात की राउटरचा आवाज मोबाइलला किती मोठा येतोय. मोबाइलचं बोलणं राउटरला ऐकू जातं का, हे त्यात नसतं. आणि मोबाइलची ताकद बहुधा राउटरपेक्षा कमीच असते. पाठवलेल्या पॅकेटची, म्हणजे डेटाच्या तुकड्याची, पोच आली नाही की ते पुन्हा जातं, वेग उतरतो. दांड्या जागच्या जागी!

त्यात गर्दी. पट्ट्याचे छोटे भाग म्हणजे चॅनेल. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी कानोसा घेत थांबायचं. 2.4 मध्ये चॅनेलांतलं अंतर 5 मेगाहर्ट्झ, पण प्रत्येकाची रुंदी 20. म्हणून शेजारचे चॅनेल एकमेकांत घुसतात; 1, 6 आणि 11 हे तीन घुसत नाहीत. तुम्ही 'रिकामा दिसला' म्हणून 3 निवडलात, तिथे 1 आणि 6 या दोन्हींचं बोलणं अर्धवट येतं. ते उलगडत नाही, नुसता गोंगाट होतो.

वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपवर डीबीएमचा (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आकडा पाहा. उणे 50 उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ सहसा चालतो, उणे 80 ला तुटायला लागतो. आकडा 3 नं घसरला की ताकद निम्मी. उणे 50 असूनही अडकत असेल, तर आधी कॉम्प्युटर राउटरला केबलनं जोडून वेग मोजा. तिथेही कमीच असेल तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या लाइनचा. केबलवर ठीक असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 च्या चॅनेलची रुंदी 20 ठेवून 1, 6, 11 पैकी कमी गर्दीचा चॅनेल घ्या; राउटरच्याच खोलीत बसत असाल तर सरळ 5 वर जा.

वायरलेस माउस हातभर अंतरावरून अडखळतो, हेही तुम्ही लिहिलंय. त्याच्या डोंगलशेजारी (कॉम्प्युटरला लावायचा माउसचा छोटा रिसीव्हर) यूएसबी 3 ची हार्ड डिस्क आहे का? तिची वायर आणि कनेक्टर नेमका 2.4 च्या आसपास गोंगाट करतात. यूएसबी 2 च्या एक्स्टेन्शन वायरनं डोंगल फूटभर लांब, माउसजवळ आणा.